बाप उभा करा

बारावीचा निकाल लागला, मार्कशीट हातात पडली, की आमच्या घरामागच्या मैदानातून चेंडूचा आवाज येऊ लागतो. एरवीही तिथं मुलं खेळतात, पण तेव्हाच्या चेंडूला घाई नसते. ॲडमिशनच्या दिवसांतला चेंडू मात्र, आपल्याला कुणीतरी बघतंय हे माहीत असल्यासारखा आपटतो. भांडी घासताना मला तो बरोबर ओळखू येतो, आणि तिथून पुढे महिनाभर माझं डोकं ठिकाणावर नसतं. घरचे म्हणतात, हिला जुलै बाधतो.

बाधतोच. इतरांना जुलै म्हणजे वावरात वर आलेली कपाशीची पऱ्हाटी, भिजलेल्या छत्र्या, भज्यांचं तेल. मला जुलै म्हणजे त्या मैदानातल्या सिमेंटच्या पायऱ्या, पोत्यानं पुसून काढलेलं कोर्टावरचं पाणी, आणि बास्केटच्या लोखंडी खांबावर ओढलेली गेरूची रेघ. रेघ पावसानं धुऊन जाते. पायरीवाले ती दरवर्षी नव्यानं काढतात, आणि दरवर्षी त्याच उंचीवर.

पायरीवाले म्हणजे कोण ते सांगायला हवं. हे मैदान अमरावतीतल्या एका कॉलेजचं, आणि कॉलेजची बास्केटबॉलची टीम आमच्या भागात नावाजलेली. कोर्टाच्या एका अंगाला ज्या पायऱ्या आहेत, त्यांवर संध्याकाळी टीमचे चाहते येऊन बसतात. त्यांत व्यापारी आहेत, शेतीवाले आहेत, रिटायर झालेले आहेत आणि कधीच काही न केल्यामुळे रिटायर होण्याची गरज न पडलेलेही आहेत. ह्यांतल्या बहुतेकांनी चेंडू हातात धरला असेल तो वाटेत आडवा आला म्हणून. पण टीमवर जीव. सामना बाहेरगावी असला तर गाडी करून जातील, पोरांना उकडलेली अंडी नेतील, जिंकली तर संत्र्याच्या पेट्या फोडतील. हे सगळं खरं आहे, आणि त्याचमुळे खेळाच्या सरांना त्यांचं ऐकावं लागे. नव्या मुलांतून कुणाला घ्यायचं हे कागदावर सर ठरवत. पायऱ्यांवर ते आधीच ठरलेलं असे. उंटावरचे शहाणे म्हणतात ना, ते ह्यांच्यापेक्षा निदान उंटावर तरी बसलेले असतात.

त्यांचा म्होरक्या वसंतभाऊ. चांदूर रेल्वेकडे भरपूर शेती, आणि शौक एकच, शंकरपटाचा. पटावर बैलजोड्या पळतात, तर हे गृहस्थ पळणाऱ्या जोडीकडे बघायचेच नाहीत. गोऱ्हा विकत घ्यायचा तर ज्या बैलाचा तो गोऱ्हा, त्याच्या गोठ्यात जाऊन उभे राहायचे. हेच शास्त्र त्यांनी कोर्टावर आणलं. बारावीचं पोरगं आणखी दोन वर्षं वाढणार, मग आज त्याला बघून काय उपयोग? "पोट्टं काय पाहता राजेहो," ते म्हणायचे, "खान तशी माती. बाप उभा करा."

आणि बाप उभा करायचे. खरोखर. ट्रायलच्या दिवशी वडिलांना घेऊनच यायचं हा इथला रिवाज होऊन बसला होता. वडील चपला काढून खांबाला पाठ लावायचे, कुणीतरी डोक्यावर आडवी पट्टी धरायचं, आणि गेरूच्या रेघेच्या वर गेले की पायऱ्यांवरून "चालते, चालते" असा आवाज यायचा. पोरगं अजून बुटांच्या नाड्याच बांधत असायचं. मी एका कंडक्टरला टाचा उचलताना पाहिलंय. खाकी पँटखाली त्यांच्या पोटऱ्या थरथरत होत्या. कौंडण्यपूरकडचा एक मुलगा वडील वारले म्हणून काकाला घेऊन आला होता. चांगला सहा फुटी काका. वसंतभाऊंनी मान हलवली. "काकाचं माप धरत नाई बा आमी," ते म्हणाले, आणि सगळे हसले. तो मुलगाही हसला, कारण मोठी माणसं हसत होती. त्या हसण्याचा अर्थ तेव्हा मला पुरता कळला नव्हता.

मी तिथं होते कारण त्याच दिवशी माझा भाऊ नंदू ट्रायलला आला होता.

माझं माहेर अकोल्याचं, जठारपेठेतलं. बाबांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी यायच्या, बाबा त्यांची काळी पडलेली तार उपसून नवी भरायचे. त्यांच्या अंगाला कायम वार्निशचा वास. बाबा उंच म्हणजे फारच उंच. दुकानाचं शटर पुरतं वर गेलं तरी त्यांना मान खाली घालूनच आत जावं लागायचं. घरातही तसंच, प्रत्येक दाराशी एकदा वाकायचं. नंदू लहानपणी त्यांच्या खांद्यावर असायचा, आणि दार आलं की बाबांबरोबर तोही मान खाली घ्यायचा. पुढं तो खांद्यावरून उतरून स्वतःच्या पायांनी चालू लागला तरी ती सवय गेली नाही. हे एवढंसं पोर, डोक्यावर दोन हात मोकळी जागा, पण दारातून जाताना मान खाली. शेजारपाजारचे हसायचे. बाबांना इतका आनंद व्हायचा की ते त्याला उगाचच आत-बाहेर करायला लावायचे.

नंदूची उंची काही वाढली नाही. माझ्याहून चार बोटं वर गेला आणि थांबला. पण खेळ काय होता त्याचा. तो बघायचा एकीकडे आणि चेंडू जायचा दुसरीकडे, आणि जिथं जायचा तिथं आपला माणूस नुकताच पोचलेला असायचा. घरात बसल्या बसल्या तो स्वयंपाकघरातून बटाटे माझ्या डोक्यावरून बाहेरच्या टोपलीत टाकायचा. एकही खाली पडायचा नाही, आणि आई ओरडायची तीही कौतुकानं. अकोल्याच्या एका कॉलेजला तो हवा होता. आहे तसा, बुटका. तिथल्या सरांनी घरी येऊन सांगितलं होतं, "चेंडू ह्याच्या हाती देऊ अन् टीम ह्याच्या मागं चालवू." पण नंदूच्या मनात अमरावती बसली होती. ती टीम, ते कोर्ट, युनिव्हर्सिटीचा बनियन. त्या वयात माणसाला बोलावणाऱ्यापेक्षा न बोलावणारा मोठा वाटतो.

ट्रायलला तो सुरेख खेळला. पायऱ्यांवर एक रज्जाकभाई बसायचे, गांधी चौकात त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. ते एकटेच कोर्टाकडे बघत होते. "वसंतभाऊ," ते म्हणाले, "पोट्टा आज कैसा खेल रहा वो तो देखो. कल का कल. बॉल बाटने की अक्कल है उसको." वसंतभाऊंनी ऐकलंच नाही. त्यांचं लक्ष फाटकाकडे होतं. पाणी प्यायला नंदू बाहेर गेला होता आणि परत येताना, फाटकावरचा लोखंडी पाइप त्याच्या डोक्याहून कितीतरी वर असताना, मान खाली घालून आत आला.

"पाहा," वसंतभाऊ म्हणाले. "पोट्ट्याले सवताले मालूम हाये, आपन वाढनार हाओत म्हनून. कोन हाये ह्याचा बाप?"

बाबा झाडाखाली माझ्याजवळ उभे होते. ते पुढे झाले आणि पायऱ्यांवरचं बोलणं बंद पडलं. त्यांनी चपला काढल्या, खांबाला पाठ लावली, सरळ झाले. इतके सरळ उभे राहिलेले बाबा मी त्याआधी पाहिले नव्हते. आयुष्यभर दारं, शटरं, टपऱ्या, सगळीकडे वाकलेला माणूस पहिल्यांदाच कुणीतरी "उभे राहा" म्हणालं म्हणून उभा राहिला. गेरूची रेघ त्यांच्या कानाशी आली. वसंतभाऊंनी नंदूचे पंजे पालथे करून पाहिले, मनगट चिमटीत धरलं आणि निकाल दिला, "ठेवून घ्या हे पोट्टं. बियानं पक्कं हाये. दिवाळी ते दिवाळी पाहा कसं वाढते."

आता सांगते. बाबा आमचे जन्मदाते नव्हेत. आमचे पहिले वडील वारले तेव्हा नंदू पाळण्यात होता आणि मी नुकती शाळेत जायला लागले होते. दीडेक वर्षानं आईनं ह्यांच्याशी लग्न केलं. पहिल्या दिवशी ते दारातून वाकून आत आले ते मला आठवतं. शाळेत आमची नावं त्यांच्या नावानं लागली, आणि अकोल्यात सगळ्यांना सगळं माहीत होतं, त्यामुळे कुणी बोलायचं नाही. आम्हा भावंडांपासूनही कुणी काही लपवलं नव्हतं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतंच. फक्त अमरावतीच्या पायऱ्यांना ठाऊक नव्हतं, की ज्या खाणीवरून ते माती पारखत होते ती खाणच वेगळी होती.

परतीच्या एसटीत मला वाटत राहिलं, बाबा नंदूसाठी खोटं वागले. नंदूसाठी ते काहीही करतील हे मला माहीत होतं, पण खोटं? गिऱ्हाइकाला जुनी तार नवी म्हणून न देणारा माणूस. घरी आल्यावर नंदूनं नाचत सगळं सांगितलं आणि आईनं हळूच विचारलं, "तुमी सांगतलं नाई का त्यायले?"

"काय?" बाबा म्हणाले.

बाबांच्या हातात घास होता. ते खरंच आठवत होते, काय सांगायचं राहिलं ते. मग त्यांनी कपाळावर हात मारला आणि हसायला लागले. "अरे हो. ध्यानातच नाई आलं ना," ते म्हणाले.

बाबा खोटं वागले नव्हते. ते विसरले होते. खांबाला पाठ लावून, बाप उभा करा म्हटल्यावर, आपण त्या पोराचे कोण ह्याबद्दल त्यांच्या मनात तीळभरही दुसरा विचार आला नव्हता. माझ्या आयुष्यात इतकी सुंदर गोष्ट दुसरी घडलेली नाही. ती बिघडवली त्या पायऱ्यांनी, म्हणून माझा राग आहे. आहेच, आणि तो निवळावा अशी माझी इच्छाही नाही.

आधी त्यांनी नंदूचा खेळ बिघडवला. तो उंच होणार हे पायऱ्यांवर ठरलेलं असल्यामुळे सरांनी त्याला बास्केटखाली उभं केलं, जिथं आडदांड उंच पोरं एकमेकांना खांदे मारत उड्या घेतात. "उंची येईन तवा येईन," वसंतभाऊ म्हणायचे, "तोवर जागा शिकून घे." न आलेल्या उंचीचा खेळ तो शिकत राहिला. ज्याच्या हातात चेंडू द्यायचा त्याच्या नाकावर रोज कोपर बसू लागलं. सुट्टीत अकोल्याला आला की दारावरच्या आडव्या पाइपाला लटकून राहायचा. आई भिजवलेले हरभरे द्यायची, बाबा पाठीला तेल चोळायचे. दिवाळी आली, दुसरी दिवाळी आली. पायऱ्यांवरचे लोक त्याला येता-जाता खांबाशी उभं करायचे. आधी उत्सुकतेनं, मग सवयीनं, शेवटी गंमत म्हणून. कोबीचा गड्डा धरला नाही तर शेतकरी निदान पानं गुरांना घालतो. ह्यांनी पोराला नुसतं बांधावर टाकलं.

दुसऱ्या वर्षी इंटरकॉलेजची फायनल त्याच कोर्टावर झाली आणि आपली टीम हरली. समोरच्या लांबलचक पोरानं नंदूच्या डोक्यावरून एकामागून एक बास्केट केले. दोष नंदूचा नव्हता. त्याला तिथं उभं करणारे वर बसले होते. मी आणि बाबा सामना बघायला आलो होतो. संपल्यावर पायरीवाल्यांनी नेहमीप्रमाणे चहा मागवला, आणि बाबांच्या हातातही कपबशी दिली. हरलेली माणसं चहा पिताना कुणावर तरी घसरतात. वसंतभाऊ बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "दादा, राग नका मानू, पन एक इचारतो. बियानं तुमचंच हाये ना? का वावर तुमचं अन् पेरनी दुसऱ्याची?"

पायऱ्या हसल्या. मोठ्यानं नाही, चहा सांडू नये इतपत.

बाबांनी काय म्हणायचं होतं? खरं सांगावं तर आईचं पहिलं लग्न, तिचं ते पांढरं कपाळ, ते सगळं त्या उष्ट्या कपांमध्ये मांडावं लागलं असतं, आणि आणखी हसू आलं असतं. खोटं त्यांना बोलता येत नव्हतं. थोबाडीत द्यायची, तर नंदूचं त्या कॉलेजात एक वर्ष राहिलेलं. बाबांनी बशी तोंडाला लावली, संपवली, कप उलटा करून ठेवला. "चहा चांगला हाये," ते म्हणाले. रज्जाकभाई तेवढे उठले. "हद करते भाऊ तुम," म्हणाले आणि आपला चहा तसाच ठेवून निघून गेले. नंदू नळावर तोंड धूत होता. नळ चालूच होता आणि तो नुसता वाकून उभा होता, म्हणजे त्यानं ऐकलं होतं.

त्या दिवशी बाबांना आठवलं. इतकंच झालं. कुणी भांडलं नाही, कुणी कुणाला टाकून बोललं नाही. पण जे हा माणूस सतरा-अठरा वर्षं विसरून गेला होता ते त्याला आठवलं, आणि एकदा आठवलेलं पुन्हा विसरता येत नाही. त्यानंतर बाबा "नंदूले इचारून घे" असं आईला सांगू लागले. आधी ते स्वतःच ठरवून मोकळे व्हायचे, रागवायचे, पाठीत धपाटा घालायचे. धपाटा बंद झाला. नंदूच्या लग्नाच्या पत्रिकेत आमच्या पहिल्या वडिलांचं नाव सर्वांत वर "कै." म्हणून टाकायला त्यांनीच लावलं. कुणी म्हटलं नव्हतं, कुणाच्या मनातही नव्हतं. "रीत हाये ते," एवढंच म्हणाले. आई स्वयंपाकघरात जाऊन डोळ्यांना पदर लावून बसली. फोटोच्या वेळी सगळे नवरा-नवरीजवळ दाटीवाटीनं उभे राहिले, तर बाबा मागच्या रांगेत, अगदी टोकाला. "मी उंच हाओ, मांगंच बरा," म्हणाले. पटण्यासारखं कारण होतं, म्हणून कुणी त्यांना पुढं ओढलं नाही.

आणि नंदू. तिसऱ्या वर्षी त्यानं खेळ सोडला, पुढं पुण्याला कंपनीत लागला, बरं चाललंय. तो चेंडू हातात घेत नाही हे मी सहन करते. पण त्या फायनलनंतर सुट्टीला घरी आला तेव्हा हातात बॅग घेऊन दारातून सरळ आत आला. मान खाली न घालता. त्याला वाकायची गरज नव्हतीच, कधीच नव्हती. बाबा समोर खाटेवर बसले होते, त्यांनी ते पाहिलं आणि वर्तमानपत्र पुन्हा डोळ्यांसमोर धरलं.

माझं नशीब असं, की मला सासर मिळालं ते नेमकं त्या मैदानाला लागून. पायरीवाले आजही आहेत. आता काम जलद झालंय. अकोल्याहून, यवतमाळहून पोरांचे व्हिडिओ येतात, पायऱ्यांवर बसून ते सावकाश मागं-पुढं करून बघतात. आणि बापाचा फोटो मागवतात. दाराच्या चौकटीत उभा राहिलेला, पायांपासून डोक्यापर्यंतचा, कारण चौकट सगळीकडे सारखी असते. म्हणजे आता गावोगावचे बाप आपापल्या दारात ताठ उभे राहून फोटो काढून घेतात. प्रगती म्हणतात ती हीच असावी.

यंदा बाबा माझ्याकडे आहेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन इथं केलं. आई गेल्यापासून ते एकटेच जठारपेठेत राहतात, दुकान बंद आहे. डॉक्टरांनी थोडं चालायला सांगितलंय. मी रोज त्यांना दुसऱ्या बाजूनं नेते, पण परवा त्या रस्त्यावर पाइपलाइनसाठी खोदून ठेवलेलं, म्हणून मैदानातून यावं लागलं. डोळ्यांवर काळा चष्मा, आणि उजवा हात माझ्या खांद्यावर. इतकं वय झालं तरी उंची गेलेली नाही. कोर्टावर नवी पोरं उड्या मारत होती. खांबावर नवी, ओली रेघ होती.

पायऱ्यांजवळ खुर्ची टाकून वसंतभाऊ बसले होते. म्हातारे झालेत, हातात काठी. चार पिढ्यांपूर्वीच्या बैलाचं नाव सांगणाऱ्या ह्या माणसानं बाबांना ओळखलं नाही. नुसतं खालून वर पाहिलं आणि डोळ्यांत तीच जुनी चमक आली.

"दादा," ते म्हणाले, "घरात कोनी पोट्टं हाये का बारावी झालेलं? नातू-बितू?"

बाबांनी त्यांना ओळखलं होतं. माझ्या खांद्यावरची बोटं घट्ट झाली त्यावरून मला कळलं.

"नाई," बाबा म्हणाले. "आमच्या घरी सारे बुटकेच हायेत."

"काहून बा? तुमी तं येवढे!"

आता माझ्याच्यानं राहवलं नाही. इतक्या वर्षांत बोलायचं खूप साठलं होतं, पण तोंडातून बाहेर पडलं ते एवढंच. "मी मुलगी आहे त्यांची," मी म्हणाले, जरा मोठ्यानंच.

वसंतभाऊंनी आधी बाबांच्या डोक्याकडे पाहिलं, मग माझ्या. मी बाबांच्या काखेत मावेन एवढी. पायऱ्यांवरचे दोघं-तिघंही तसेच पाहू लागले, वरून खाली, खालून वर. कुणाच्या तरी ओठाच्या कोपऱ्यात ते हसू नुकतंच हलायला लागलं होतं.

बाबांनी माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला. एक पाऊल बाजूला झाले, म्हणजे आम्ही शेजारी दिसू नये इतपत. आणि फाटकाकडे चालू लागले, एकटेच, डावा हात हवेत धरून अंदाज घेत. पाइप त्यांच्या डोक्याहून वीतभर वर होता, तरी त्याच्याखालून जाताना ते वाकले.

फाटकाबाहेर पायरी आहे. "बाबा, पायरी," मी मागून म्हणाले.

"दिसते मले," ते म्हणाले आणि हात न धरता उतरले.